पाण्याबाहेरची फुलं

पौषातल्या सकाळी बोअरची मोटर सुरू केली की नळी आधी खोकते, मग थोडं तांबूस पाणी टाकते आणि मग धार लागते ती कोमट. बाहेर हात खिशातून काढवत नाही असा गारठा असतो. पेंढ्याच्या उडवीवर दव पांढरं दिसत असतं. अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपांत हे पाणी पडलं की त्यावरून वाफ उठते. जमिनीच्या पोटातलं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं. उन्हाळ्यात ते गार लागतं आणि आता ऊन. हे शाळेतच शिकलेलं असतं, तरी रोज त्या वाफेत बोटं धरून घटकाभर उभं राहावंसं वाटतं. शेजारच्या काकी परड्यातून जाता जाता विचारतात, "चहा टाकलास का रं त्यांना?"

त्यांना म्हणजे झाडांना. पाण्यातली झाडं वाढवणं हा आमचा उद्योग. त्याला शेती म्हणायचं तर घरामागे जुनं खळं होतं तेवढीच जागा आहे. तिच्यावर हिरवं शेडनेट ताणलंय, खाली सिमेंटचे उथळ हौद, पिंपं, मासळीबाजारातून धुऊन आणलेली थर्माकोलची खोकी आणि भाजीचे क्रेट. मुंबई-ठाण्याची माणसं दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवतात, तिच्यात वाळू, दगड, वाळकं लाकूड मांडून पाण्याखालचं रान उभं करतात. त्या रानाला लागणारी रोपं इथे तयार होतात. मुरबाडजवळच्या आमच्या म्हसा गावात हे समजावून सांगणं सोपं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा हौदावर वाकतो आणि विचारतो, "मासे कुठंयत?" मासे आहेत, पण ते गप्पी, डासांच्या अळ्या खायला सोडलेले. विकायचे नाहीत, असं सांगितलं की पाहुणा जरा हिरमुसतो आणि चहाकडे वळतो.

पाण्यातली झाडं म्हणायचं, पण त्यातली बरीचशी इथे पाण्याबाहेरच वाढतात. मुळं ओलीत, पानं हवेत. सगळ्या जगात हीच रीत आहे. 1970पासून या धंद्यात असलेल्या डेन्मार्कच्या ट्रोपिका कंपनीच्या काचघरांतही रोपं अशीच वाढतात. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो, ऊन पाण्यातून गाळून यावं लागत नाही, पानांवर शेवाळ बसत नाही. रोप विकलं गेलं, काचेत बुडालं, की ते जुनी पानं टाकतं आणि पाणी सोसतील अशी नवी काढतं. क्रिप्टोकोरिन तर सगळीच्या सगळी पानं विरघळवून मोकळं होतं. मग नव्या गिऱ्हाइकाचा फोन येतो: दादा, झाड सडलं. त्याला सांगावं लागतं, मूळ हलवू नका, जरा दम धरा. हे क्रिप्टोकोरिन आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या भावकीतलं. त्याच्या काही जाती कोकणातल्या ओढ्या-नद्यांच्या काठाला मुळातल्याच आहेत. अळवाचा कंद मातीत कसा मुकाट पडून राहतो आणि पाऊस आला की कसा फुटतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला क्रिप्टोकोरिनची काळजी वाटत नाही. शहरातल्या माणसानं ते पाहिलेलं नसतं, त्याला काय बोल लावायचा?

अंबुलीची एक फांदी मात्र सवडीनं बघावी. हौदात वीतभर पाणी असलं की ती तळातून उगवून वर डोकं काढते. पाण्याखाली तिची पानं केसाइतकी बारीक चिरलेली, प्रत्येक पेराभोवती गोल बसलेली; बाहेर काढली की हातावर लोळागोळा होऊन पडतात. पाण्याची पातळी आली की एकदोन पेरं फांदीचं काही ठरत नाही. तिथली पानं अर्धी चिरलेली, अर्धी सपाट. त्याच्या वर साधं, दातेरी कडेचं, ताठ हिरवं पान, बांधावरच्या कुठल्याही रोपट्याला शोभेल असं. देठ एकच, आणि वरचं पान खालच्या पानाला ओळख देणार नाही इतकं वेगळं. चुरगाळलं तर लिंबू आणि टर्पेंटाइन यांच्या मधला एक वास बोटांना लागतो. जेवायला बसलं तरी तो गेलेला नसतो.

काकींनी ही अंबुली पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या होत्या. "आरं, ह्यो त आमच्या खाचरातला तण! बेणणीला उपटून उपटून बोटं गेली आमची, नि तू खत घालून लावतोस?" त्यांचं खरंच आहे. अंबुली भातखाचरातली. रोटालाच्या कितीतरी जाती भातखाचरातल्या. मत्स्यटाकीच्या दुकानात बकोपा म्हणून जी मिळते त्यातली एक म्हणजे आपली जलब्राह्मी, जिचं तेल आज्या डोक्याला चोळत आल्या. हायग्रोफिला नावानं विकली जाणारी हिरवी जुडी ही तालिमखान्याची सख्खी बहीण. तालिमखाना आत्ता या थंडीत रस्त्याकडेच्या डबक्यांत काट्यांसकट निळा-जांभळा फुललेला असतो. मुरबाडहून म्हशाकडे येताना दिवाळीनंतर कुठल्याही खाचरात उतरा. भात कापून नेलेलं असतं, धसकटं उरलेली असतात, आणि मधल्या ओलीत बोटभर उंचीचं हिरवं-लाल काहीतरी पसरलेलं असतं. पायाखाली येतं म्हणून कुणी बघत नाही. त्यातल्या कित्येकांची भावंडं काचेत गेली की जुडीवर विकतात. एका ठिकाणी पैसे मोजून उपटायचं, दुसऱ्या ठिकाणी पैसे मोजून लावायचं. यातलं शहाणपण कुणाचं, याचा निवाडा काकी करत नाहीत. खुरपं घेऊन बसल्या की माझ्या हौदातलं खरं तणही त्याच काढून देतात, आणि कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं हे एव्हाना त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

या मंडळींचं वर्ष खाचरानं आखून दिलेलं आहे. आषाढ-श्रावणात ती पाण्याखाली असतात, भाद्रपद-आश्विनात पाणी उतरतं तसं डोकं वर काढतात, आणि मार्गशीर्ष-पौषात जमीन कोरडी पडायच्या आत फुलून, बी टाकून मोकळी होतात. म्हणजे हिवाळा हा त्यांचा घाईचा हंगाम. आम्ही करतो काय, तर ती ओल सरू देत नाही. खाचर सुकतं तेव्हाही हौद भरलेला ठेवतो. बाकी सगळं त्यांचं तेच करतात.

बाकी सगळं म्हणजे अगदीच सगळं नाही. थंडीपेक्षा या भागातला कोरडा वारा वाईट. दुपारी अकरा-बाराला तो पूर्वेकडून, घाटाच्या अंगानं सुटतो आणि हवेतली ओल पिऊन टाकतो. पाण्याबाहेर वाढलेल्या या पानांची साल पातळ असते. तासाभरात कडा तपकिरी होतात. म्हणून खोक्यांवर प्लॅस्टिकचा कागद, बाजूनं ओली गोणपाटं. रात्री पारा 12-13 अंशांवर उतरायला लागला की कागदावर जुन्या गोधड्या. सकाळी कागद उचलला की आतून पाण्याचे थेंब टपटप मानेवर पडतात आणि झोप उडते. बोअरचं पाणी जड असल्यानं ते उडून जाताना हौदाच्या भिंतींवर चुन्याची पांढरी रेघ सोडतं. थंडी सरत येईल तशा रेघा एकाखाली एक वाढत जातात, आणि भिंत बघून कुठल्या आठवड्यात पाणी भरायचा कंटाळा केला ते कुणीही सांगू शकतं.

परदेशी पाहुण्यांचे नखरे या दिवसांत सोसावे लागतात. बोर्निओची बुसेफॅलँड्रा गारठ्यानं अंग आखडून बसते. दोन-दोन महिने नवं पान नाही. आफ्रिकेचं अनुबियास मुळातच संथ, त्याला हिवाळा काय नि उन्हाळा काय. आपल्या मातीतल्या जातींचं उलट. रात्र थंड आणि दिवस लख्ख असला की रोटालाच्या शेंड्यांना असा लाल रंग चढतो की उन्हाळ्यात खत घालून, दिवे लावूनही तो तसा येत नाही. शेवाळाचा जोर कमी झालेला असतो. गोगलगाई सुस्त असतात. चतुर मात्र ऊन तापलं की येतात, आणि परीट पक्षी हौदाच्या कठड्यावरून शेपूट हलवत फिरतो. तो पावसाळा संपता संपता उत्तरेकडून आलेला असतो आणि उन्हाळा लागायच्या आत जाणार असतो. त्याला इथे काय सापडतं हे निरखायला बसलं की काम राहून जातं.

आणि फुलं. रोटालाच्या शेंड्यांवर पौषात बारीक गुलाबी तुरे येतात, तांदळाच्या दाण्याहून लहान फुलांचे. सगळं खोकं एका आठवड्यात हिरव्याचं गुलाबी होतं. मधमाश्या येतात. धंद्याच्या दृष्टीनं ही आफतच, कारण फुलावर आलेली फांदी पाण्यात नीट धरत नाही. तुरे खुडून टाकायला हवेत. मी थोडी खोकी खुडतो आणि थोडी तशीच ठेवतो. हिशेबाच्या वहीत त्यांच्यासमोर काही लिहीत नाही.

कारण हे फूल विकत घेणाऱ्याला कधी दिसणार नाही. ही झाडं पाण्याखाली वाढतात, पसरतात, छाटली जातात, पुन्हा फुटतात, पण हवेत डोकं काढल्याशिवाय अशी फुलत नाहीत. आणि काचेच्या टाकीत डोकं काढायला लागली की मालक कात्री घेतो. वनस्पतिशास्त्राला मात्र फुलाशिवाय चालत नाही. रोटाला रोटुंडिफोलिया कित्येक वर्षं जगभरच्या दुकानांत रोटाला इंडिका या दुसऱ्याच नावानं विकली गेली. पाण्याखाली दोघींची पानं फसवी. इंडिकाचं फूल एकेकटं पानाच्या बगलेत बसतं, रोटुंडिफोलियाचं शेंड्याला तुऱ्यात. एवढा साधा फरक, पण तो दिसायला झाड पाण्याबाहेर यायला हवं आणि कुणीतरी ते न खुडता ठेवायला हवं. आपल्याकडे हे काम निगुतीनं करणारी माणसं झाली. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जाडजूड सूची खंडाखंडांनी छापली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्रीरंग यादव आयुष्यभर डबकी, सडे आणि खाचरं तुडवत राहिले. कासच्या पठारावरचा वायतुरा 1982मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला त्यात त्यांचा वाटा आहे. वायतुराही पाण्यातलाच. चिखलात गुडघे टेकून भिंगातून फूल बघणारी ही माणसं मला धंदेवाईकांपेक्षा जवळची वाटतात, मी स्वतः धंदेवाईक असलो तरी.

पाण्याखाली राहूनच संसार करणारी एक आहे, व्हॅलिस्नेरिया. हिरव्या फितीसारखी लांब पानं. तिची मादी-फुलं बारीक, स्प्रिंगसारख्या देठावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि तिथे पाण्याला किंचित खळी पाडून थांबतात. नर-फुलं तळाशी बुडाजवळ असतात. ती देठापासून सुटतात, वर येतात, उघडतात आणि पांढऱ्या कणांच्या रूपानं पृष्ठभागावर तरंगत फिरतात. वाऱ्याची झुळूक आली की त्यातला एखादा कण त्या खळीत घसरतो. मग मादीचा देठ वेटोळं घालत फुलाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो आणि फळ तिथे पिकतं. हिवाळ्यात दुपारी वारा पडला असेल तर बाजूला बसून हे पाहता येतं. नुसत्या डोळ्यांनी धूळ वाटते, भिंग हवं.

लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850च्या सुमारास काचेच्या भांड्यात दोन सोनमासे ठेवले आणि सोबत हीच व्हॅलिस्नेरिया लावली. झाड प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या आणि मेळ जमला. घरोघरीच्या मत्स्यटाक्यांची वंशावळ तिथपर्यंत नेता येते. ज्या गोगलगाईंच्या नावानं आजचे शौकीन बोटं मोडतात, त्या पहिल्या दिवसापासून त्या घरात आहेत. पुढे जपानच्या ताकाशी अमानोंनी माशांना गौण करून झाडांनाच मुख्य केलं, आणि तिथून या धंद्याची रीतच पालटली. लहानपणी शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हचं 1951चं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेले आमच्या पिढीचे लोक मासेच आठवतात. मागे हिरवं काही होतं का, हे विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही.

म्हशाचा हिवाळा मात्र झाडांच्या नव्हे, बैलांच्या हिशेबानं चालतो. आधी 2 जानेवारी येते. 1943मध्ये त्या पहाटे सिद्धगडच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले; त्या दिवशी अजूनही माणसं गडाकडे जातात. मग पौषी पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा. बैलबाजार भरतो, घोंगड्यांच्या थप्प्या लागतात, पाळणे येतात, आणि रस्ते इतके तुंबतात की माझी खोकी मुरबाडपर्यंत पोचवणं अशक्य होतं. त्या दिवसांत मी पार्सलं घेतच नाही. गिऱ्हाइकाला कारण सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. बैलबाजारामुळे जलवनस्पती उशिरा येतील, हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. यात्रेतून येताना वडील एक घोंगडी हमखास आणतात. जुनी मग खोक्यांवर जाते.

तसा विक्रीचा खरा हंगाम हाच. उन्हाळ्यात पार्सल दीड दिवसात शिजतं. हिवाळ्यात रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत हवा भरून, थर्माकोलच्या खोक्यात बसवली की चार दिवस ताजी राहतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे एसटीनं किंवा टेम्पोनं कल्याण आणि पुढे लोकल. काही जुड्या क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत जातात, काही थेट घरी. पॅकिंगला बसलं की बातम्या वाचून होतात, उलट्या, ओल्या आणि अर्ध्याच.

पॅकिंगच्या वेळी एक गोष्ट मी कटाक्षानं पाळतो. रोपं धुतलेलं पाणी ओढ्यात सोडत नाही. ते आंब्याच्या आळ्यात जातं आणि छाटलेला पाला पत्र्यावर उन्हात. काकींना सुरुवातीला हा चोखंदळपणा वाटला. पण इथल्या काळू आणि बारवी शेवटी उल्हासलाच मिळतात, आणि उल्हासचं पुढे काय होतं ते कल्याणला जाणाऱ्या प्रत्येकानं पाहिलंय. मोहन्याच्या बाजूला, शहरांसाठी पाणी उचलतात तिथे, थंडी संपता संपता जलपर्णीनं नदी झाकली जाते, पाणी दिसेनासं होतं. ही जलपर्णी ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिला कुणी शत्रू म्हणून आणली नाही. फिकट जांभळी फुलं देखणी म्हणून माणसांनी ती बागांतून, तळ्यांतून देशोदेशी नेली. मैलापाण्यानं नदी पोसलेली असली की तिचं फावतं, हेही खरं; दोष सगळा झाडाचा नाही.

आपल्याकडून गेलेल्यांनीही काही कमी केलेलं नाही. आपल्या तळ्यांत ज्याच्याकडे शेवाळ म्हणून कुणी ढुंकून बघत नाही ते हायड्रिला 1950च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचलं आणि तिथल्या कालव्यांत, तळ्यांत माजलं. तालिमखान्याची ती बहीण, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, 1945च्या सुमारास अमेरिकेच्या बाजारात आली. आज ती तिथल्या सरकारी यादीत उपद्रवी तण आहे. रोटाला इंडिका तर कॅलिफोर्नियाच्या भातशेतीत शिरली. काकींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग तिकडं बी बेणणीला बाया लागत असतील." त्यांना उत्तर द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

तुमच्या घरी काचेची टाकी असेल, तर एवढं करा. झाडं वाढली की छाटालच. छाटलेलं खाली नाल्यात, सोसायटीच्या तळ्यात किंवा मोरीत टाकू नका. टाकीचं पाणी बदलाल ते कुंड्यांना घाला. छाटणी जुन्या पेपरावर पसरून उन्हात कडकडीत वाळवा आणि मग मातीत मिसळा, तिचं खत होतं. आणि एखाद्या जुडीतल्या दोन कांड्या उथळ भांड्यात ओल्या मातीत खोचून, पानं हवेत राहतील अशा खिडकीत ठेवून बघा. मुंबईच्या दमट हवेला त्यांची तक्रार नसते. पौषापर्यंत टिकल्या तर तुरा येईल; तो खुडू नका.